तेल लावलेली वेणी आणि टोकियोची सिग्राफ आशिया

उजेडवाली | ११ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात ३ ते ६ तारखेला टोकियोमध्ये सिग्राफ आशिया झाली. तिथे जाऊन आले. 'परत आल्यावर लिहा' असं इथल्या दोघा-तिघांनी बजावलं होतं. आल्या आल्या डेडलाइन अंगावर होती, त्यामुळे उशीर झाला.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सिग्राफ ही कॉम्प्युटर ग्राफिक्सची सगळ्यात मोठी परिषद. पहिली १९७४ मध्ये अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डरला झाली. मुख्य परिषद दर उन्हाळ्यात अमेरिकेत किंवा कॅनडात भरते, आणि २००८ पासून वर्षाअखेरीला दुसरी आशियात भरते. ती सिंगापूरला सुरू झाली. सिनेमातले केस, पाणी, कापड, कातडी, धूर, यांतलं बरंच काही आधी इथे शोधनिबंध म्हणून येतं आणि काही वर्षांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं बटण होऊन उतरतं.

मी बारा वर्षं पुण्यात लायटिंग करते, म्हणजे सिनेमातल्या संगणकावर केलेल्या दृश्यांत उजेड बसवते. ही बटणं रोज दाबते. ती जिथून येतात ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती. स्टुडिओकडून रजा मिळाली, पैसे मिळाले नाहीत. भिशीचा माझा नंबर ऑगस्टमध्ये लागला होता, त्यातून तिकीट काढलं. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा बांधून दिला. शाकाहारी लोकांनी हे करावंच, कारण तिथे साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो.

परिषद टोकियो इंटरनॅशनल फोरममध्ये होती, युराकुचो स्टेशनला लागूनच. जहाजाच्या सांगाड्यासारखी काचेची प्रचंड इमारत आहे, राफाएल विन्योली यांनी रचलेली. सकाळी साडेआठला आत शिरले तेव्हा वरच्या पोलादी फासळ्यांच्या सावल्या जमिनीवर पडल्या होत्या आणि लोक त्यांवरून चालत होते. लायटिंगवाल्या माणसाला तिथे पाच मिनिटं थांबावंच लागतं.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढे जाणाऱ्यांचा दिवस वाचेल. प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मी सकाळपासून तळघरातल्या त्या हॉलमध्ये होते. हालचाल टिपणारे मोशन कॅप्चरचे सूट, स्कॅनर, हेडसेट, मोठमोठे पडदे. प्रत्येक स्टॉलवर थांबले, पत्रकं गोळा केली. दुपारी दीड वाजता लक्षात आलं की ज्या कोर्ससाठी मी पूर्ण पास घेतला होता तो वरच्या मजल्यावर कधीच संपला होता. प्रदर्शन पुढचे दोन दिवस तसंच राहणार होतं, तो कोर्स मात्र एकदाच होता. संध्याकाळी हॉटेलवर फार वाईट वाटलं. वर्षभराची भिशी होती ती.

त्या रात्री बसून वेळापत्रक नीट लावलं आणि ठरवलं की उद्यापासून फक्त माझा प्रश्न घेऊन फिरायचं.

माझा प्रश्न असा. गेल्या वर्षी एका ऐतिहासिक सिनेमाचं काम आमच्याकडे होतं. नायिकेची लांब वेणी, भरपूर तेल लावलेली. काही शॉट्समध्ये पूर्ण डिजिटल डबल, म्हणजे नायिकेची संगणकावर केलेली प्रतिकृती. डेलीजमध्ये, म्हणजे दिवसाचं काम बघायच्या बैठकीत, रोज एकच शेरा : केस प्लास्टिकचे दिसतात. मी चमक वाढवली की वायरसारखे दिसायचे, कमी केली की कोरडे, शांपू केल्यासारखे. तीन आठवडे हेच चाललं. शेवटी तडजोड करून शॉट दिला. तो सिनेमा आता लागेल, आणि मला ती वेणी पडद्यावर बघवणार नाही.

टोकियोला जायच्या आधीच्या रविवारी आईला भर दुपारी बाल्कनीत बसवलं. न्हाऊन वाळलेल्या केसांची वेणी घातली आणि फोटो काढला. मग खोबरेल लावून, विंचरून, पुन्हा वेणी घातली आणि त्याच जागेवरून दुसरा फोटो काढला. दोन्ही फोनमध्ये ठेवले.

पोस्टर्सच्या जागी एक विद्यार्थी केसांवरच्या कामाचं पोस्टर लावून उभा होता. गर्दी नव्हती. धीर करून दोन्ही फोटो त्याच्यासमोर धरले आणि विचारलं, यातला दुसरा कसा करायचा?

त्याने फोन हातात घेतला, मोठा करून बघितला, पुन्हा बघितला. मग माझ्याच एका पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीने एक केस काढला. केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, घराच्या कौलांसारखे खवले एकावर एक बसलेले असतात, सुमारे ३ अंश कललेले. उजेड पडला की एक किरण वरच्यावर परततो. त्याला केसाचा रंग नसतो, ती पांढरी चमक, आणि तो किरण मुळाकडे झुकून परततो. दुसरा किरण केसात शिरतो, पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतो, येताना केसाचा रंग घेऊन येतो, आणि टोकाकडे झुकतो. तिसरा आरपार जातो, पाठीमागून ऊन असलं की केस कडेने पेटल्यासारखे दिसतात तो. हे मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या सिग्राफमध्ये मांडलं होतं, आणि माझ्या शेडरमध्ये (वस्तूवर उजेड कसा वागेल ते ठरवणारा प्रोग्राम) हेच तीन आकडे रोज माझ्यासमोर असतात. मी ते कानाने जुळवल्यासारखे फिरवत होते. कौलं मला कोणी काढून दाखवली नव्हती.

मग त्याने विचारलं, "तेल लावल्यावर तू फक्त चमक बदललीस, की केसांची मांडणी पण?"

मी फक्त चमक बदलली होती.

तो म्हणाला, तेल खवल्यांच्या फटी भरून काढतं. वरचा थर सपाट झाला की पांढरी चमक अरुंद आणि टोकदार होते, आणि दोन चमकांमधलं अंतर कमी होतं. पण खरी गोष्ट ही की केस एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा होतात. सुटा केस उरतच नाही. उजेड बटांच्या मधल्या फटीत शिरतो तो तिथेच राहतो, म्हणून वेणी काळी, जड दिसते. सुट्या केसांवर तेलाची चमक टाकलीस तर ते वायरसारखे दिसणारच.

पुण्याला आल्यावर पहिल्याच रात्री घरच्या मशीनवर करून बघितलं. शेडरला जवळजवळ हात लावला नाही, ग्रूममध्ये, म्हणजे केसांच्या मांडणीत, बटा केल्या, वरचे भुरभुरणारे केस खाली बसवले, खवल्यांचा कल कमी केला. सकाळी रेंडर (संगणकाने काढलेलं तयार चित्र) उघडला तर आईची वेणी. आईला दाखवला. ती म्हणाली, "भांगाशी तेल कमी पडलंय." खरंच कमी होतं.

तो मुलगा मला मध्येच म्हणाला होता की तेल लावलेले केस त्याने या नजरेने कधी बघितलेच नव्हते, त्याच्या डेटामध्ये सगळे धुतलेले केस होते. जाताना त्याने ते दोन फोटो मागून घेतले.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की जायचं तर स्वतःच्या टेबलावरचा अडलेला प्रश्न घेऊन जा, शक्य असेल तर फोटोसकट. बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

मुळाकाठ | ११ जानेवारी

अप्रतिम लिहिलंय. वाचनखूण साठवली. मी रेंडरर लिहिणाऱ्या टीममध्ये आहे आणि आम्ही ते तीन आकडे बटणं म्हणून देतो तेव्हा कौलांचं चित्र सोबत देत नाही, हे खरं आहे. सोमवारी टीमला हा धागा दाखवणार.

पासचे प्रकार आणि व्हिसा यांबद्दल सांगाल का?

---

उजेडवाली | ११ जानेवारी

धन्यवाद! नुसत्या प्रदर्शनाचा पास स्वस्तातला असतो, पण शोधनिबंध आणि कोर्स यांना जायचं तर पूर्ण पास लागतो आणि तो महाग आहे. लवकर नोंदणी केली तर बरीच सूट मिळते. मी शेवटच्या आठवड्यात घेतला असता तर जाणंच झालं नसतं.

जपानच्या व्हिसाला बँकेचं स्टेटमेंट, हॉटेलचं बुकिंग आणि रोज कुठे असणार त्याचा तक्ता लागतो. परिषदेच्या नोंदणीची पावती जोडली. सगळं सुरळीत झालं. २०२५ ची सिग्राफ आशिया डिसेंबरात हाँगकाँगला. तिथे भारतीय पासपोर्टवाल्यांना थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

आणखी एक : पहिल्या संध्याकाळी 'फास्ट फॉरवर्ड' असतं ते अजिबात चुकवू नका. प्रत्येक शोधनिबंधाचा लेखक मंचावर येतो आणि एका मिनिटाच्या आत आपलं काम सांगून उतरतो. पुढचे दिवस कोणत्या खोलीत बसायचं ते तिथे ठरतं.

---

पाषाणकर | १२ जानेवारी

ताई, तुमचा लेख वाचून तीस वर्षं मागे गेलो.

मी १९९० च्या दशकात पुण्यात एका सरकारी संस्थेत होतो. परम या भारतीय महासंगणकाचे दिवस होते. सिग्राफचा निबंधसंग्रह म्हणजे जाडजूड ग्रंथ, वर्षातून एकदा ग्रंथालयात यायचा आणि घरी न्यायची परवानगी नव्हती. आम्ही तिघं जेवणाच्या सुट्टीत आळीपाळीने बसून वहीत सूत्रं उतरवायचो. मधली रंगीत पानं झेरॉक्सवर काळी यायची, त्यामुळे ती नुसती बघून लक्षात ठेवायची. काजिया या संशोधकांचं १९८६ चं रेंडरिंगचं समीकरण मी असंच हाताने उतरवलं आहे. एका ओळीत सांगायचं तर त्यात एवढंच आहे की एखाद्या बिंदूकडून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड अधिक सगळीकडून त्याच्यावर पडून परतलेला उजेड. पण 'सगळीकडून' या शब्दातच सगळी अडचण आहे, कारण तो उजेडही दुसऱ्या बिंदूंवरून परतूनच आलेला असतो. ती वही अजून आहे.

प्रश्न घेऊन जाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावरून आठवलं. १९८० साली लोरेन कार्पेंटर विमानं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. विमानांच्या चित्रांमागे खरे डोंगर हवेत, ते कसे काढायचे, हा त्यांचा टेबलावरचा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणून त्यांनी डोंगरांवरून उडत जाणारी दोन मिनिटांची फिल्म केली आणि सिएटलच्या सिग्राफमध्ये दाखवली. तिथून त्यांना 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्ममध्ये बोलावणं आलं.

आणि आपल्या गावाचाही धागा आहे. रमेश रासकर मूळ नाशिकचे, शिकले आपल्या शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. २०१७ साली सिग्राफने त्यांना कामगिरीबद्दल पुरस्कार दिला. प्रकाशाची हालचाल टिपणारा कॅमेरा, कोपऱ्यापलीकडचं दिसणं, प्रोजेक्टरने वस्तूंवर रंग चढवणं, हे सगळं त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम.

मला स्वतःला कधी जाता आलं नाही. तुम्ही गेलात आणि इतकं नीट लिहिलंत, फार समाधान वाटलं.

---

उजेडवाली | १२ जानेवारी

काका, ती वही बघायला मिळेल का? खरंच विचारतेय.

---

फ्रेम_बाय_फ्रेम | १२ जानेवारी

लेख चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो.

मी आठ वर्षं रोटो करतो, म्हणजे एकेका फ्रेममध्ये माणसांच्या, वस्तूंच्या कडा हाताने कापतो, हडपसरला. आमची टीम वर्षभरात निम्मी झाली. उरलेल्यांना सांगितलंय की मशीन आधी कडा कापेल, तुम्ही फक्त दुरुस्त करा. ते मशीन ज्या शोधनिबंधांमधून आलं ते याच परिषदांमधले. मग आमच्यासारख्याने भिशी मोडून तिथे का जावं? निबंध लेखकांच्या पानांवर फुकट मिळतात, भाषणांचे व्हिडिओ मिळतात. माझ्या घरी दोन लहान मुलं आहेत, मी हा खर्च कशाच्या जोरावर करू?

---

उजेडवाली | १२ जानेवारी

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्यामुळे जे दिसलं ते जसंच्या तसं सांगते.

हो, न्यूरल पद्धती, म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेली मॉडेल्स, सगळीकडे आहेत. २०२३ च्या सिग्राफमध्ये गाजलेलं गॉसियन स्प्लॅटिंग, म्हणजे फोटोंवरून लाखो धूसर ठिपक्यांनी अख्खी जागा उभी करणं, त्यावरची कामं एका पाठोपाठ एक होती. प्रत्येक खोलीत शिकवलेलं मॉडेल होतंच.

पण एक गोष्ट मी मुद्दाम टिपली. बऱ्याच भाषणांच्या शेवटी 'हे जमलं नाही' अशी एक स्लाइड असते, आणि त्या स्लाइडवर पुन्हा पुन्हा तेच होतं : उडणारे केस, पारदर्शक कापड, हलल्यामुळे पुसट झालेल्या कडा, पाण्याचे शिंतोडे. तुम्ही आठ वर्षं नेमकं हेच हाताने करताय. ज्यांनी ती पद्धत लिहिली त्यांच्यातले कितीतरी जण एक शॉटही डिलिव्हर न केलेले होते आणि कडा कुठे फसते ते त्यांना परीक्षणातल्या आकड्यावरून कळतं. तुम्हाला ते फ्रेम बघून कळतं. नोकरी टिकेल असं मी कुठल्या तोंडाने सांगू? ते माझ्या हातात नाही. पण त्या खोलीत तुमच्या प्रश्नाला वजन असेल, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खर्चाचं म्हणाल तर तुम्ही म्हणता ते खरं आहे, घर आधी. मला मुलं नाहीत, म्हणून जमलं. निबंध वाचायला पुण्यातून उठायची गरज नाही. के-सेन हुआंग यांनी वर्षानुवर्षं प्रत्येक सिग्राफच्या निबंधांचे दुवे एका पानावर जमवले आहेत, तिथून सुरुवात करा.

---

फ्रेम_बाय_फ्रेम | १३ जानेवारी

सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं. 'जमलं नाही'वाल्या स्लाइड्सबद्दल माहीत नव्हतं. आता निबंध उघडला की आधी शेवटचं पान वाचेन.

---

डिझाइन_तिसरं_वर्ष | १३ जानेवारी

ताई, मी विमाननगरला शिकते. विद्यार्थ्यांना फुकट जाता येतं असं ऐकलंय, खरं का?

---

मुळाकाठ | १३ जानेवारी

मी सांगतो, माझा धाकटा भाऊ असाच गेला होता. स्टुडंट व्हॉलंटिअर म्हणून अर्ज करायचा. पूर्ण वेळ विद्यार्थी असावं लागतं, निवड होते. ठरलेले तास काम करायचं, म्हणजे दारावर पास तपासणं, रांगा लावणं, खोलीत माइक फिरवणं, आणि त्या बदल्यात परिषदेचा पास मिळतो. विमानाचं तिकीट आपलं आपण धरून चाल. अर्ज परिषदेच्या बरेच महिने आधी बंद होतात, त्यामुळे आतापासून संकेतस्थळावर लक्ष ठेव. कॉलेजचे प्रोजेक्टही नीट लावून ठेव, दाखवायला उपयोगी पडतील. भावाला माइक फिरवण्याचं काम सगळ्यात आवडलं, कारण प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोघंही हाताच्या अंतरावर असतात.

---

जरीकाठ | १४ जानेवारी

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या.

मी ग्राफिक्समधली नाही, साड्यांचं डिझाइन करते. वेणीचा भाग दोनदा वाचला. माझा एक जुना प्रश्न आहे. आमच्या ऑनलाइन दुकानासाठी साड्यांची थ्रीडी चित्रं करून घेतली. सुती साड्या छान आल्या. धूपछाव पैठणी मात्र मेलेली दिसते. येवल्याची धूपछाव म्हणजे ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा. पदर हलवला की मोरपंखीतून जांभळा निघतो. करणाऱ्या मुलाने दोन रंग मिसळून मधला एक रंग दिला. तो तिसराच रंग झाला, आणि तो तर साडीत कुठेच नाही. हे जमतच नाही का?

---

मुळाकाठ | १४ जानेवारी

जमतं! आणि तुम्ही दुखणं नेमकं पकडलंत. रंग मिसळायचे नसतातच.

धाग्याची चमक त्याच्या दिशेवर अवलंबून असते. रेशमाचा धागा म्हणजे बारीक दंडगोल धरा, त्याच्यावरून उजेड एका शंकूच्या आकारात परततो, केसाचं होतं तसंच. ताण्याचा शंकू एका दिशेला, बाण्याचा त्याला काटकोनात. तुमचा डोळा ज्या शंकूत येतो तो रंग दिसतो. पदर हलवला की डोळा एका शंकूतून दुसऱ्यात जातो. म्हणून शेडरमध्ये दोन वेगळे धागे, दोन वेगळ्या दिशा आणि दोन वेगळे रंग ठेवायचे, आणि विणीत कोणता किती वर येतो त्याचं प्रमाण द्यायचं. सादेगी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा कापडावरचा निबंध आहे, त्यांनी खऱ्या कापडांची मोजमापं घेतली होती आणि त्यांत दोन रंगी रेशीमही होतं. जरीचा मामला वेगळा, तिथे धातू आहे, पण पाया हाच.

तुमच्याकडे एखादा तुकडा आहे का? मला उन्हात वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढायचे आहेत.

---

जरीकाठ | १४ जानेवारी

तुकडा कशाला, आजीची आख्खी पैठणी आहे, साठ वर्षांपूर्वीची. लग्नातली. कापायची नाही एवढीच अट.

---

उजेडवाली | १५ जानेवारी

मंडळी, मग भेटूयाच. येत्या रविवारी, १९ तारखेला, सकाळी नऊला संभाजी बागेत. त्या वेळी ऊन तिरकं असतं, आडवी चमक चांगली दिसते. मी कॅमेरा, स्टँड आणि फोटोतला उजेड-रंग जुळवायला राखाडी कार्ड आणते. आधी सादेगींचा निबंध सगळ्यांनी एकदा वाचून या, गणित नाही कळलं तरी चालेल, आकृत्या बघा. फ्रेम_बाय_फ्रेम, तुम्हीही या, मुलांना घेऊन या, तिथे खेळायला जागा आहे.

---

पाषाणकर | १५ जानेवारी

वही घेऊन येतो. आकृत्यांची पानं जरा सुटली आहेत, सांभाळून हाताळावी लागतील.

---

फ्रेम_बाय_फ्रेम | १५ जानेवारी

येतो. पदराचे उडणारे धागे जवळून टिपता आले तर मला हवेत, कडांसाठी.

---

जरीकाठ | १५ जानेवारी

ठरलं. पैठणी अंथरायला धुतलेली पांढरी चादर आणते. कृपया कोणीही हाताला तेल लावून येऊ नका.